नवे भात आणि उपरी माणूस : वसई-साष्टीच्या 'आगेरा' सणाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या रविवारी वसई परिसरात व मुंबई-साष्टीच्या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज 'आगेरा' हा सण साजरा करतो. भाताच्या पहिल्या पेंढ्या कापल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, वाजतगाजत मिरवणुकीने त्या चर्चमध्ये येतात, वेदीपुढे ठेवल्या जातात आणि कृतज्ञतेची मिस्सा होते. लुगडे नेसून, ठेवणीतले दागिने घालून आलेल्या स्त्रिया आणि ब्रास बँड यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. छायाचित्राखालच्या दोन ओळींत 'ख्रिस्ती समाजाचा सुगीचा सण' एवढी नोंद होते आणि विषय तिथेच संपतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला तो तिथे संपवता येत नाही. ज्या शेतातून पेंढी आली ते शेत कोणाचे होते? ती कापणारा हात मालकाचा होता की कुळाचा? चर्चच्या दारात नव्या धान्याचे स्वागत झाले त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाचेही स्वागत झाले काय? धान्याबद्दलची कृतज्ञता ही वरवर पाहता साधी, निरुपद्रवी भावना वाटते. परंतु कोणी, कोणाचे आणि कशाबद्दल आभार मानावयाचे, असे विचारू लागताच जमीनधारणेचा, स्थलांतराचा आणि समाजाच्या सीमारेषांचा मोठा इतिहास तिच्यामागे उभा राहतो. प्रस्तुत निबंधात आगेऱ्याकडे या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. सणाचे लोकसांस्कृतिक वर्णन हा येथे हेतू नाही. ते काम समाजातील जाणकारांनी आपापल्या परीने केलेले आहे.

सणाची वेळ आणि सणाचे नाव

आगेऱ्याचा काळ नीट लक्षात घेतला पाहिजे. उत्तर कोकणात भाताच्या हळव्या जाती भाद्रपद-आश्विनात तयार होतात, गरव्या जाती त्यानंतर. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे शरद ऋतूच्या ऐन मध्यावर, थोडे भात कापणीला आलेले असते आणि बरेचसे अजून शेतात उभे असते. परतीचा पाऊस गेलेला नसतो. एक वादळी संध्याकाळ उभे पीक आडवे करू शकते. तेव्हा पीक घरात येऊन कणग्या भरल्यानंतर मानलेले हे आभार नव्हेत. पदरात काय पडणार याची खात्री नसताना, हाती आलेल्या पहिल्या लोंबीवर मानलेले हे आभार आहेत. प्रथमफळाचा सण आणि सुगीसमाप्तीचा सण यांतील हा फरक धर्मेतिहासात महत्त्वाचा मानला जातो, आणि आगेरा हा निःसंशय पहिल्या प्रकारात मोडतो.

या बाबतीत आगेरा एकटा नाही. गोव्यात 'कणसाचें फेस्त' ऑगस्टमध्येच होते : राय येथे ५ ऑगस्टला, ताळगाव येथे २१ ऑगस्टला. मंगळूरच्या कॅथलिकांत मरियेच्या जन्मदिनी, ८ सप्टेंबरला, 'मोंती फेस्ता'च्या निमित्ताने नव्या भाताचे दाणे दुधात वा नारळाच्या रसात घालून घरातील प्रत्येकाला दिले जातात व त्या दिवशी शाकाहारी जेवण असते. एकाच किनारपट्टीवरील हे तीन सण जवळजवळ दोन महिन्यांच्या अंतरात विखुरलेले आहेत. चर्चच्या पंचांगाने त्यांना तारखा दिल्या असल्या तरी त्यामागे भाताचे पंचांग आहे, हे सहज ध्यानात येते.

शेजारच्या हिंदू कुटुंबातही याच दिवसांत नव्याचे स्वागत चालू असते. कोकणात भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान व कुरडूचे फूल एकत्र बांधून केलेले 'नवे' दाराला लावतात. आश्विन पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा हे नाव आहेच. त्याही मागे गेले तर वैदिक कर्मकांडात 'आग्रयण' नावाची इष्टी सापडते. नव्या धान्याचा अंश देवतांना दिल्याविना ते सेवन करू नये हा तिचा आशय असून व्रीहीचे, म्हणजे भाताचे आग्रयण शरदात सांगितले आहे. 'आग्रयण' व 'आगेरा' यांतील ध्वनिसाम्य अभ्यासकाला मोहात पाडणारे आहे. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारण्याचा धोका पत्करू नये. 'शेत' या अर्थाच्या लॅटिन 'आगेर' या शब्दापासून हे नाव आले, असे सामान्यतः सांगितले जाते. चर्चची उपासनाभाषा शतकानुशतके लॅटिन असल्यामुळे ते अशक्य नाही. तथापि वसई-साष्टीच्या माणसाच्या तोंडी 'आगर' हा शब्द नित्याचा आहे. नारळी-पोफळीची वाडी तेही आगर, मीठ पिकविण्याची जागा तेही आगर, आणि तेथे राबणारा तो आगरी. ज्या जमिनीवर सण होतो तिचेच नाव सणाच्या नावात ऐकू येत असताना केवळ लॅटिनकडे पाहून चालणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील 'सुगीचा सण' आणि आगेरा यांची गल्लत अनेकदा केली जाते. इंग्लंडमधील आधुनिक सुगी-उपासनेचा आरंभ कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो या गावचे धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १ ऑक्टोबर १८४३ रोजी केला, असे मानले जाते. नव्या गव्हाच्या भाकरीने प्रभुभोजन साजरे करण्याची 'लॅमस'ची जुनी चाल त्यांना पुन्हा सुरू करावयाची होती. पुढे ही प्रथा इंग्लंडभर पसरली व मिशनांमार्फत भारतातही आली. धान्य, भाज्या, कोंबड्या, अंडी अशा भेटी वेदीजवळ मांडून नंतर त्यांचा लिलाव करण्याची अनेक मंडळ्यांतील रीत याच परंपरेतली. आगेऱ्याची वंशावळ निराळी आहे. ती पोर्तुगीज काळातील कॅथलिक उपासना आणि त्याआधीपासूनची कोकणी भातशेती यांच्या संयोगातून आलेली आहे.

'उपरी' या शब्दाचे दोन अर्थ

दोन्ही परंपरांचे धर्मशास्त्रीय मूळ मात्र एकच आहे, आणि त्या मुळाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात पिकाच्या पहिल्या उत्पन्नाची पेंढी याजकाकडे आणावी, असा विधी सांगितला आहे. त्याच अध्यायात, अवघ्या काही वचनांनंतर, शेताच्या कोपऱ्यातील पीक पूर्ण कापू नये, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व उपऱ्यासाठी ठेवावा, असे सांगितले आहे. पेंढी आणि सरवा यांचे हे सान्निध्य अर्थपूर्ण आहे. देवाला द्यावयाचा वाटा आणि परक्यासाठी सोडावयाचा वाटा एकाच कापणीचे दोन भाग होत. रूथच्या कथेत हाच नियम माणसांच्या रूपाने उभा राहतो. मवाबातून आलेली ही विधवा बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते, तेथेच तिला आसरा मिळतो, आणि पुढे दावीद राजाच्या व मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या वंशावळीतही तिचे नाव येते.

अनुवाद या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातील विधी याहून बोलका आहे. शेतकऱ्याने प्रथमफळाची टोपली घेऊन यावे आणि ती देण्यापूर्वी आपला पूर्वज भटका होता, परमुलखात उपरी म्हणून राहिला, तेथे त्याचा छळ झाला, हे मोठ्याने सांगावे. म्हणजे आभाराचा पहिला शब्द आपल्या पिकाविषयी नाही, आपल्या उपरेपणाविषयी आहे. त्यानंतर जो आनंद करावयाचा त्यात लेवी व उपरी यांनाही सामील करून घ्यावयाचे आहे.

मराठी बायबलाने परक्या रहिवाशासाठी 'उपरी' हा शब्द वापरला. मराठीच्या इतिहासात हा शब्द केवळ 'परका' एवढ्या अर्थाचा नाही. मराठा काळातील देशावरील जमीनव्यवस्थेत शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे. गावच्या मानपानात, निर्णयात त्याला स्थान असे. उपरी बाहेरून आलेला, कराराने किंवा मर्जीने जमीन कसणारा. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात मिरासदार व उपरी यांचे तपशीलवार विवेचन आढळते. हा देशावरचा शब्द बायबलाच्या पानावर आला तेव्हा तो आपला जमिनीचा अर्थ बरोबर घेऊनच आला. मग लेवीयच्या २५व्या अध्यायातील विधान मराठी वाचकाला विलक्षण वाटल्यावाचून राहत नाही. जमीन देवाची, तुम्ही सगळे तिच्यावर उपरी, असे तेथे म्हटले आहे. एल्फिन्स्टनच्या परिभाषेत सांगावयाचे तर देवाच्या गावात मिरासदार कोणीच नाही.

या कसोटीवर आगेऱ्याचा इतिहास तपासणे हा या निबंधाचा गाभा आहे.

जमीन कोणाची

गुजरातच्या बहादुरशहाशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील साष्टी, मुंबई हा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला. फ्रान्सिस्कन व पाठोपाठ जेझुइट धर्मप्रसारकांनी येथे ख्रिस्ती समाज उभा केला. कुणबी, कोळी, भंडारी, सामवेदी, वाडवळ अशा अनेक ज्ञातींतून हा समाज आला व ज्ञातींच्या खुणा घेऊनच आला. जमिनीच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी गावेच्या गावे ठरावीक सारा घेऊन पोर्तुगीज सरदारांना व धर्मसंघांना लावून दिली. या साऱ्याला 'फोरो' म्हणत. मुंबईच्या जमीनव्यवहारात 'फोरास' हा शब्द इंग्रजी अमलातही टिकून राहिला. प्रत्यक्ष कसणारा कुणबी पोर्तुगीज कागदपत्रांत 'कुरुंबीन' म्हणून येतो. पिढ्यान्पिढ्या त्याच जमिनीवर राबूनही तिच्यावर त्याचा हक्क नाही, अशी त्याची स्थिती होती.

गोव्याशी तुलना केली तर फरक ठसठशीत होतो. गोव्यात गावकरी संस्था टिकली. गावची जमीन गावकारांच्या सामाईक मालकीची राहिली. म्हणून तेथील कणसाच्या सणात पहिली कापणी हा गावकारांचा मान आहे. ताळगावच्या गावकारांना हा मान आफोन्सु द आल्बुकर्क याच्यापासून मिळाला, असे परंपरा सांगते. परंपरेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिचा आशय मिरासदारीचा आहे. कणीस वेदीवर ठेवण्याआधीच ते कोणी कापावयाचे हे जन्माने ठरलेले असते. वसई-साष्टीत असा गावकार नव्हता. पेंढी आणणारा बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा होता.

याच व्यवस्थेतील एक उदाहरण येथे देण्याचा मोह आवरत नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबईचे बेट गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते. भारतीय वनौषधींवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. बेटाचा हा धनी ज्यू वंशाचा, धर्मांतर केलेल्या कुटुंबातला, आणि पोर्तुगालमधील संशयाच्या वातावरणातून पूर्वेकडे आलेला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. बेटभर भात पिकविणारी कुळे ज्याची होती तो स्वतः मेल्यानंतरही उपराच ठरला. ज्या चर्चने उपऱ्यासाठी सरवा राखण्याची शिकवण वारशाने घेतली, त्याच चर्चच्या न्यायासनाकडून हे घडले, ही नोंद कृतज्ञतेच्या इतिहासात वगळता येणार नाही.

मुंबई सतराव्या शतकात इंग्रजांकडे गेली. वसई व साष्टी १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने जिंकून घेतली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक देण्यात आली. युरोपीय धर्मसंघ निघून गेले आणि धर्मग्रामांची जबाबदारी प्रामुख्याने गोव्याहून आलेल्या स्थानिक धर्मगुरूंवर पडली. या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. मालक बदलला, सत्तेचे निशाण बदलले, आणि ज्याच्या हातून धान्याला आशीर्वाद मिळावयाचा तो पाद्रीही बाहेरगावचा होता. गोव्याचा पाद्री साष्टीच्या गावात उपरी, आणि साष्टीचा कुणबी आपल्याच शेतात उपरी. चर्चच्या अंगणात ते एकमेकांसमोर आले.

१७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने साष्टीतील अनेक गावे मुंबईच्या धनिकांना दिली. पवईची जमीन फ्रामजी कावसजी यांच्याकडे गेली ती याच काळात. ही व्यवस्था मोडण्यासाठी स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, साष्टी इस्टेटींचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याआधी १९४८ चा मुंबई कुळकायदा झालेला होता आणि १९५७ च्या कृषकदिनापासून कसणाऱ्याच्या नावावर जमीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. चार शतकांत प्रथमच पेंढी आणणाऱ्या हाताला सातबाऱ्यावर नाव लागण्याची शक्यता निर्माण झाली. दुर्दैव असे की, नाव लागेपर्यंत शहर बांधापाशी येऊन ठेपले होते.

समाज आणि धर्मग्राम

दरम्यान या समाजाने स्वतःला नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नोकऱ्या वाढल्या, आणि गोव्यातून मोठ्या संख्येने कॅथलिक येऊ लागले. ते खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून म्हणून आले. धोबीतलाव-गिरगावच्या 'कुडां'त गाववार राहिले. कुडीतील वेदीपुढे त्यांची रोजची प्रार्थना होई. दोन्ही समाजांची आडनावे सारखी, धर्म एक, आणि सरकार दरबारी दोघांनाही 'पोर्तुगीज ख्रिश्चन' असेच म्हटले जाई. आपण ब्रिटिश अमलाखालील मूळचे प्रजाजन, गोवेकर परकीय सत्तेचे प्रजाजन, हा भेद नोकरीच्या स्पर्धेत ठळक करणे स्थानिकांना आवश्यक वाटले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, २६ मे १८८७ रोजी, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली व 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले गेले. ज्या कंपनीने गावे धनिकांना दिली तिचेच नाव समाजाने आपले म्हणून घेतले, हा इतिहासाचा उपरोध मानावा लागेल.

या घटनेला केवळ स्वार्थ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. जमीन नाही, सत्ता नाही, भाषा मराठी पण धर्मामुळे मराठी समाजात पुरते स्थान नाही, आणि धर्मबांधवांत संख्येने मागे पडण्याची भीती, अशा अवस्थेतील समाजाने ओळखीची रेघ ओढली. तथापि ती रेघ उपऱ्याच्या विरुद्ध ओढली गेली, हेही तितकेच खरे. मुंबईच्या मूळ रहिवाशाने केलेला हा मिरासदारीचा दावा होता. फरक एवढाच की, त्यामागे जमिनीची सनद नव्हती.

आगेरा या दावाच्या आणि चर्चच्या रचनेच्या मधोमध उभा आहे. कॅथलिक चर्चमध्ये धर्मग्राम सामान्यतः प्रादेशिक असते. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक, तो काल आलेला असो की चार शतकांपूर्वीचा, त्या धर्मग्रामाचा सभासद असतो. समाजाचे सभासदत्व जन्माने, धर्मग्रामाचे राहण्याने. 'धर्मग्राम' या मराठी शब्दात 'ग्राम' आहे, पण या ग्रामात मिरासदार व उपरी असा भेद नियमाने करता येत नाही. म्हणून वांद्रे, मालाड, मरोळ अशा ठिकाणी आगेरा साजरा होतो तेव्हा त्याचे यजमानपद ईस्ट इंडियन समाजाकडे असले तरी मिस्सेला गोवेकर, मंगळुरी, केरळी, तामिळ असे सारे धर्मग्रामस्थ असतात. मंगळूरहून आलेल्या कुटुंबाने महिन्यापूर्वीच आपले नवे खाल्लेले असते. गोवेकराच्या गावी कणसाचा सण त्याआधीच होऊन गेलेला असतो. त्यांना या सणाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपापल्या गावात जे मागे राहिले तेच येथे दुसऱ्याच्या लुगड्यात आणि दुसऱ्याच्या बोलीत त्यांच्यासमोर येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेत आली. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली व सणातील कृतज्ञतेच्या प्रार्थनेला प्रथमच शेतकऱ्याच्या भाषेचे शब्द मिळाले. मुंबईच्या बहुभाषिक धर्मग्रामांत मात्र इंग्रजीचे प्राबल्य राहिले, आणि आगेऱ्याच्या दिवशी मराठी गीतांचा आग्रह धरणे हा समाजाच्या ओळखीचा भाग बनला. एकाच सणाने वसईत आणि मुंबईत भाषेच्या बाबतीत अशी वेगवेगळी वाट घेतली.

शेत गेल्यावर

१९४९ मध्ये आरे येथे दुग्धवसाहत उभी राहू लागली. पुढे मरोळ-अंधेरी भागात औद्योगिक वसाहत आली, आणि १९७३ मध्ये सीप्झ. कोंडिविटे येथील सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले चर्च १८४० च्या साथीनंतर सोडून देण्यात आले होते. धर्मग्राम मरोळला हलले. त्या चर्चचे भग्नावशेष आज सीप्झच्या कुंपणाच्या आत आहेत. ज्या अंगणात एके काळी धर्मग्रामाचे लोक जमत, तेथे जाण्यासाठी आता निर्यात-क्षेत्राचे फाटक ओलांडावे लागते. साष्टीच्या भातशेतीचे काय झाले हे सांगणारा याहून नेमका पुरावा प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

वसईची स्थिती काही काळ निराळी होती. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला यांची बागायत आणि जोडीला भात असा तेथील शेतीचा आकार होता. वसई-आगाशीची सुकेळी प्रसिद्धच आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला आणि टँकरवाल्यांनी विहिरी उपसण्यास आरंभ केला, तेव्हा 'हरित वसई संरक्षण समिती'चे आंदोलन उभे राहिले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अग्रणी होते. या आंदोलनात ख्रिस्ती व हिंदू शेतकरी एकत्र आले. त्याचे यश मर्यादित ठरले, परंतु पिकाबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या धर्मगुरूला पिकाच्या पाण्याबद्दल राज्यसत्तेशी भांडावे लागते, ही गोष्ट त्याने स्पष्ट केली. कृतज्ञतेचा हा अर्थ वेदीपुरता मर्यादित राहू शकत नव्हता. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि गावे तिच्यातून वगळावीत या मागणीमागेही शेतजमिनीचीच चिंता होती.

मुंबईच्या गावठाणांत आगेरा काही ठिकाणी मध्यंतरी मंदावला होता. अलीकडच्या दशकांत समाजातील संस्थांच्या पुढाकाराने त्याला पुन्हा उठाव मिळाला. आता पेंढ्या गोराई, वसई अथवा त्याहून दूरच्या गावांतून आणाव्या लागतात. समाजाच्या ओळखीचा आणि गावठाणाच्या हक्काचा आवाज त्यात मोठा आहे, व तो समजण्यासारखा आहे. ज्याच्या पणजोबाच्या खळ्यावर इमारत उभी आहे त्याला खळ्याची आठवण मोठ्याने सांगण्याचा अधिकार आहे. टीकाकार म्हणतात की, शेत नसताना सुगीचा सण म्हणजे केवळ देखावा. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. या समाजाकडे स्वतःचे शेत इतिहासातील अत्यल्प काळच होते. पोर्तुगीज सरदाराच्या, धर्मसंघाच्या, मराठी सरकारच्या, इस्टेटदाराच्या जमिनीवर उगवलेल्या भाताबद्दल तो आभार मानत आला. दुसऱ्याच्या शेतातील पेंढी वेदीवर ठेवणे त्याच्यासाठी नवे नाही. नवे आहे ते इतकेच की, ती कापताना त्याचा हात तिला लागलेला नसतो, आणि ज्याचा लागला तो दूरच्या गावातील शेतकरी मिस्सेला हजर नसतो. मूळच्या विधीत पेंढी आणणारा आणि आभार मानणारा एकच होता. येथे त्या दोघांमध्ये पन्नास मैलांचे अंतर आणि एक टेंपो आलेला आहे.

आशीर्वादित लोंब्या घरी नेऊन वेदीजवळ ठेवण्याची वा दाराला लावण्याची चाल या साऱ्या किनाऱ्यावर आहे. जेथे मिस्सेनंतर त्या सर्वांना वाटल्या जातात तेथे घेणाऱ्याचे आडनाव वा गाव कोणी विचारीत नाही. गावठाणातील कौलारू घराच्या चौकटीला आणि शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गेल्याच वर्षी भाड्याने राहावयास आलेल्या कुटुंबाच्या दाराला त्या रविवारी एकाच पेंढीतल्या लोंब्या लागतात. ते शेत या दोन्ही घरांपैकी कोणाचेच नसते.